पन्हाळा ते पावनखिंड परत करायचंय, पण उतरताना गुडघा धरतो. ९ आठवड्यांत काय तयारी करू?

रंकाळाकर_३९
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणालाच नीट सांगता येणार नाही. वय ३९, वजन ८१ किलो, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी, दिवसभर खुर्ची. रोज पहाटे कोल्हापुरात रंकाळा तलावाला दोन फेऱ्या चालतो, चार वर्षं झाली, मोठा पाऊस सोडला तर खाडा नाही. त्यामुळं मला वाटायचं आपला दम चांगला आहे, आणि दम आहेच, चढाला मला आजपर्यंत कधी थांबावं लागलं नाही.

गेल्या वर्षी जुलैत ग्रुपबरोबर पन्हाळा ते पावनखिंड केलं. दोन दिवस, पन्नासेक किलोमीटर. मसाई पठारावर पोचलो तेव्हा धुकं, वारा, आडवा पाऊस, लई भारी वाटत होतं, गाणी म्हणत चाललो होतो. पठार संपून खाली वाडीकडं उतार लागला आणि अर्ध्या पाऊण तासात उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. आतून नाही, वाटीखाली पण नाही, बरोबर बाहेरच्या हाडावर, एक बोट ठेवून दाखवता येईल अशी. तापलेली सळई घासल्यागत. थांबलो की जायचं, परत उतरायला लागलो की दहा पावलांत हजर. चढ आला की काही नाही. दुसऱ्या दिवशी तर मी उतार आडवा होऊन, खेकड्यासारखा उतरत होतो, माझी सॅक दोन पोरांनी वाटून घेतली आणि शेवटी पांढरपाण्यातनं पुढं मला जीपमध्ये बसवून नेलं. खिंडीत खाली उतरता आलं नाही. वर रस्त्यावरनंच हात जोडले. पोरगी पाचवीत आहे, तिला म्हणालो होतो खिंडीतली चिमूटभर माती आणतो. मोकळ्या हातानं घरी गेलो ते अजून मनातनं जात नाही.

एक्सरे काढला, हाडं चांगली आहेत म्हणाले, तीन आठवडे आराम सांगितला. आरामानं दुखायचं थांबलं. रंकाळ्यावर आजही काही होत नाही. पण परवा एका लग्नाला गेलो, हॉल चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, तीनदा खालीवर झालं आणि उतरताना परत तीच जागा बोलली. म्हणजे वर्षभरात आत काही सुधारलेलं नाहीच.

यंदा जुलैच्या दुसऱ्या शनिवार रविवारी परत ग्रुप निघतोय. हातात ९ आठवडे आहेत. पळायला सुरू करू का? बैठका मारू का? निकॅप कुठला घेऊ? बूट बदलू का? का वय झालं म्हणून सोडून देऊ? मनापासून विचारतोय, कुणी यातनं गेलं असेल तर सांगा.

सह्याद्रीभटक्या
सोडून वगैरे काही देऊ नको भावा. ३९ काय वय आहे का. आमच्या ग्रुपात ६२ वर्षांचे काका दर वर्षी हा ट्रेक पूर्ण करतात, आणि ते सगळ्यात हळू उतरतात.

तुझं चुकलं कुठं ते सांगतो, कारण माझं पण तिथंच चुकलं होतं. रंकाळा सपाट आहे. चार वर्षं रोज चाललास त्यानं तुझं काळीज आणि फुप्फुस तयार झालं, पण उतार हा वेगळाच मामला आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू लांब होत होत शरीराला ब्रेक लावतो. गाडीचं इंजिन आणि ब्रेक या दोन वेगळ्या वस्तू आहेत तसं समज. तू चार वर्षं इंजिनावर काम केलंस आणि ब्रेक कधी तपासलेच नाहीस. आणि उतारावर दम लागत नाही त्यामुळं आपल्याला कळतच नाही की शरीर कामाला लागलंय, उलट आपण तिथंच गप्पा मारत धडाधड उतरतो.

म्हणून आठवड्यातनं एक दिवस रंकाळा बंद कर आणि डोंगराला जा. केर्लीपर्यंत गाडीनं जा, तिथनं पायी जोतिबा. पहिल्या दोन रविवारी चालत वर जायचं आणि खाली येताना निम्मंच चालायचं, उरलेलं वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, किंवा कुणाच्या तरी गाडीवर. हसू नको, हेच महत्त्वाचं आहे. तिसऱ्या रविवारी पूर्ण उतरायचं. पाचव्या सहाव्या आठवड्याला एक दिवस पन्हाळा धर, पायथ्याच्या बुधवार पेठेतनं वर आणि परत खाली, तेच दोनदा. आणि ट्रेकच्या दहा बारा दिवस आधी शेवटचा मोठा दिवस, त्यानंतर नुसतं हलकं चालणं. लोक आदल्या रविवारी जोशात येऊन पंचवीस किलोमीटर करतात आणि दुखरे पाय घेऊन पन्हाळ्यावर हजर होतात.

सॅकचं पण बघ. सुरुवातीला रिकामी, मग दोन किलो, मग चार. ट्रेकला जेवढं वजन नेणार तेवढं निदान दोनदा तरी पाठीवर घेऊन उतरलेलं असावं.

आणि काठी घे. दोन काठ्या घेतल्यास तर उत्तमच. उतरताना पाय टाकायच्या आधी काठी खाली टेकायची, मग पाय. पाय टाकल्यावर काठी टेकली तर ती नुसती शोभेची. ट्रेकिंग पोल असेल तर उताराला थोडा लांब करायचा. नसेल तर कळकाची खांद्याएवढी काठी चालते, मी अजून तीच वापरतो.

कागलकर
मला पण असंच होत होतं. निकॅप घ्या चांगल्या कंपनीचा आणि निघायच्या आधी एक पेनकिलर टाका, काही होत नाही. मी दोन ट्रेक तसे केलेत.

फिजिओ_ताराबाई_पार्क
कागलकर, रागवू नका, पण पेनकिलरचं लिहिलंय ते कृपा करून कुणी करू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे, बारा वर्षं हेच काम करते. दिवसभर चालणं, घाम, पावसात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पिणं, आणि त्यात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी गोळी, हे सगळं एकत्र मूत्रपिंडावर येतं. शिवाय दुखणं हीच एक सूचना असते, ती बंद करून पन्नास किलोमीटर चालणं म्हणजे तेलाचा लाल दिवा लागल्यावर त्यावर चिकटपट्टी लावून गाडी हाणण्यासारखं आहे. निकॅप वाईट नाही, ऊब मिळते, गुडघ्याचं भान राहतं, मनाला धीर येतो. पण ताकद त्यातनं येत नाही.

आता रंकाळाकर दादा तुमच्याबद्दल. तपासल्याशिवाय नक्की सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय, बाहेरच्या हाडावर एका बोटाएवढी जागा, उतारावर येणं, थांबलं की जाणं, चढाला आणि सपाटीला काही नाही, ते आयटी बँडच्या दुखण्याशी खूप जुळतं. खुब्यापासून मांडीच्या बाहेरच्या अंगानं एक जाड पट्टा गुडघ्याखालच्या नडगीच्या हाडापर्यंत येतो. गुडघा साधारण ३० अंश वाकला की तो पट्टा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि मधला मऊ भाग चिडतो. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा नेमका त्याच कोनातनं वजन घेतो. एका दिवसात अशी काही हजार पावलं.

पट्टा ताणून लांब होत नाही, तो फार चिवट असतो, त्यामुळं नुसता रोलर फिरवून काम होणार नाही, तात्पुरतं बरं वाटेल एवढंच. दोष बऱ्याचदा वर असतो, खुब्याच्या बाजूच्या स्नायूत. तो दमला की एका पायावर वजन आलं की कंबर दुसऱ्या बाजूला कलंडते, गुडघा आत वळतो आणि पट्टा जास्त ताणला जातो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचा हा स्नायू झोपलेलाच असतो.

एक व्यायाम नीट सांगते, तो एवढा केलात तरी निम्मं काम होईल. बिल्डिंगच्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी घ्या, सहा सात इंचांची. बाजूला कठडा असू दे, पण त्यावर नुसती दोन बोटं. उजवा पाय पायरीच्या काठावर, डावा हवेत, पुढच्या बाजूला. आता मनात एक, दोन, तीन, चार म्हणत उजवा गुडघा वाकवत डावी टाच जमिनीला टेकवायची. टेकवायची म्हणजे नुसती शिवायची, जमिनीवर अंडं ठेवलंय असं समजून. वजन सगळं उजव्या पायावर. मग परत वर. समोरून घरच्या कुणाला तरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा आणि बघा, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का आत अंगठ्याकडं पडतो, आणि पँटचा पट्टा आडवा राहतो का कलतो. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या आठ जणांना पहिल्यांदा तो व्हिडिओ बघून खरं वाटत नाही. कलत असेल तर पायरी कमी करा, दोन जाड पुस्तकांवरनं सुरू करा. आठ वेळा, तीन फेऱ्या, दोन्ही पायांनी, एक दिवसाआड. रोज नको, स्नायूला भरून यायला मधला दिवस लागतो.

त्याच्या जोडीला कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, टाच थोडी मागे ठेवून, पंधरा वेळा. आणि साइड प्लँक, म्हणजे कुशीवर कोपर टेकवून अंग सरळ उचलून धरणं, आधी गुडघे टेकवून. पोटऱ्यांसाठी पायरीवर टाचा वरखाली. एवढं पुरे. वीस बावीस मिनिटं होतात.

दुखण्याचा हिशोब असा ठेवा. शून्य ते दहात तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं असलं तर चालू ठेवा. चारच्या वर गेलं किंवा सकाळी उठून जिन्यावर आठवण आली तर पुढच्या वेळी कमी करा, बंद नाही, कमी. पूर्ण आरामानं तुमचं दुखणं गेलं पण ताकद आणखी उतरली, म्हणून वर्षभरानं चार मजल्यात ते परत आलं.

गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल, मध्येच सटकल्यासारखा होत असेल, तर मात्र हे सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मेहनत_आणि_माती
ताईंचं वाचलं, पटलं. बैठकांचं रंकाळाकरांनी विचारलंय म्हणून लिहितो. मी वयाच्या तेराव्या वर्षापासून तालमीत, दहा वर्षं लाल मातीत काढली, नंतर संसार, दुकान, सगळं सुटलं. ४१ व्या वर्षी परत अंगात आलं. पहिल्या दिवशी शंभर, दुसऱ्या दिवशी शंभर, तिसऱ्या दिवशी दीडशे बैठका. अंगाला सवय आहे असं डोकं म्हणत होतं. आठव्या दिवशी डाव्या गुडघ्यात पाणी. दोन महिने मांडी घालून जेवायला बसता आलं नाही.

मग एक दिवस वस्तादांकडं गेलो, आता थकलेत. ते फार काही बोलले नाहीत. म्हणाले, तू पहिल्यांदा आलास तेव्हा मी तुला पहिल्या महिन्यात काय करायला लावलं? आठवलं मला. हौदा, म्हणजे कुस्तीच्या मातीचा आखाडा, उकरायला लावला होता. फावड्यानं माती खालीवर करायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं. बैठका फक्त वीस, त्या पण एकदम नाही. महिनाभर तेच. आम्ही पोरं कंटाळायचो, आम्हाला कुस्ती खेळायची असायची. आज कळतंय की त्या महिन्यात कंबर, खांदे, पोटऱ्या, सगळं बांधून घेतलं जात होतं आणि मग मेहनत वाढवली जात होती. मोठे पैलवान हजार हजार बैठका मारतात ते आपल्याला दिसतं, त्याच्या मागची वर्षं दिसत नाहीत.

तर भावा, बैठका मार, पण आपली तालमीची चवड्यावरची खोल बैठक लगेच नको, तिच्यात गुडघा लई पुढं जातो. आधी टाचा टेकवून, खुर्चीवर बसल्यागत, निम्मीच. दहा दहा करत जा.

फिजिओ_ताराबाई_पार्क
मेहनत दादा, अगदी बरोबर. फक्त एक भर घालते, गुडघा बोटांच्या पुढं गेला म्हणजे बिघडला असं नाही, उतरताना तो पुढं जाणारच. प्रश्न सवयीचा आणि मात्रेचा आहे. खोल बैठकीला पण हळूहळू पोचता येतं, पण यांच्या ९ आठवड्यांच्या कामाला निम्मी बैठक पुरेशी आहे.

रंकाळाकर_३९
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आजच जिन्यावर तो पायरीचा प्रकार केला, बायकोनं व्हिडिओ काढला. ताई, उजवा गुडघा सरळ आत पडतोय आणि पँटचा पट्टा कलतोय, डावीकडं तसं होत नाही. बघून धक्काच बसला. पुस्तकांवरनं सुरू करतो.

पळण्याचं कुणी बोललं नाही. वजन कमी होईल, दम वाढेल म्हणून सोमवारपासनं रोज पाच किलोमीटर पळायचा विचार आहे. विद्यापीठात जाईन.

पहाटपळी
दादा, सोमवारपासनं रोज पाच, हे नका करू. मी हे केलेलं आहे.

मी विद्यापीठाच्या कॅम्पसमध्येच पळते. दोन वर्षांपूर्वी हाफ मॅरेथॉनचं डोक्यात घेतलं आणि महिन्याभरात आठवड्याला १५ किलोमीटरवरनं ४० वर गेले. दम इतक्या पटकन वाढला की मला वाटलं मी जन्मजात रनर आहे. दम वाढतोच, तीन चार आठवड्यांत फरक कळतो. पण हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर त्या वेगानं तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात, आणि हे आतून कुणी सांगत नाही. नडगी दुखायला लागली. आधी पळून झाल्यावर, मग पळताना, मग रात्री अंथरुणात. मी समजत होते शिन स्प्लिंट आहे, सगळ्यांनाच होतं, आणि पळत राहिले. शिन स्प्लिंटमध्ये नडगीच्या आतल्या कडेनं लांबवर दुखतं, चार पाच बोटांची पट्टी असते. माझं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर दुखत होतं आणि त्या पायावर उडी मारली की डोळ्यात पाणी. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चरची सुरुवात निघाली. एक्सरेत काहीच नव्हतं, सुरुवातीला बऱ्याचदा दिसत नाही. सहा आठवडे पळणं बंद, मग चालणं, मग एक मिनिट पळ दोन मिनिटं चाल.

अजून एक गोष्ट, इथं बायका वाचत असतील म्हणून लिहिते. त्या काळात माझी पाळी चार महिने आली नव्हती आणि मला ते बरंच वाटलं होतं, कटकट गेली. पळणं वाढवलं आणि खाणं कमी ठेवलं की शरीर आधी तिथं काटकसर करतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. पाळी थांबली तर पळायच्या आधी डॉक्टर गाठा. माझं ड जीवनसत्त्व पण फार कमी निघालं, पहाटे अंधारात पळायचं आणि दिवसभर ऑफिस, ऊन कुठनं मिळणार.

दादांना पळायचंच असेल तर आठवड्यातनं दोनदा, तीस मिनिटं, त्यात पळणं दहाच मिनिटं, तुकड्या तुकड्यानं. पण खरं सांगू का, तुम्हाला ट्रेकसाठी पळायची गरज नाही. तुमच्याकडं दम आहे. पळायचा तो वेळ उताराला आणि जिन्याला द्या.

पेठेतला_लेफ्टबॅक
घोट्याचं पण बघ भावा. पावसात जांभ्यावर शेवाळ आणि खाली चिखल, गुडघा वाचवता वाचवता घोटा जायचा. मी पेठेतनं फुटबॉल खेळतो, शाहू स्टेडियमवर एका मॅचला दुसऱ्याच्या पायावर उतरलो आणि घोटा आत मुरगळला. बर्फ लावला, पट्टी बांधली, दहा दिवसांनी सूज उतरली म्हणून मैदानात. दुसऱ्याच मॅचला, कुणी शिवलं पण नाही, तोच घोटा परत गेला. सूज उतरली म्हणजे घोटा बरा झाला असं नसतंय हे तेव्हा कळलं. मुरगळताना घोट्याची तोल ओळखायची शक्ती जाते, ती परत शिकवायला लागते.

सकाळी ब्रश करताना एका पायावर उभा राहा. एवढंच. एक मिनिट उजवा, एक मिनिट डावा. जमायला लागलं की डोळे मिटून, बेसिन धरायला जवळ असू दे. मी रोज करतो, तीन सीझन झाले घोटा गेलेला नाही.

आमच्या टीममध्ये आता मॅचच्या आधी फिफाचं ११ प्लस करतो, वीस मिनिटांचं वॉर्मअप आहे, पळणं, एका पायावर तोल, प्लँक, मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम, उड्या, आणि काही सामान लागत नाही. २००८ साली नॉर्वेत पोरींच्या टीमवर हे करून बघितलं होतं, दुखापती जवळजवळ एक तृतीयांशानं कमी झाल्या. आधी आमची पोरं मैदानावर आली की वाकून पायाचे अंगठे धरायची आणि सरळ मॅच. ताई, ते उभं राहून ताणणं उपयोगाचं असतं का?

फिजिओ_ताराबाई_पार्क
ताणण्यानं वाईट होत नाही, पण खेळायच्या आधी नुसतं ताणून दुखापती टळत नाहीत. ऑस्ट्रेलियात सैन्यात भरती झालेल्या दीड हजारांहून जास्त मुलांवर हे तपासलं होतं, २००० सालचा अभ्यास आहे, ताणणारे आणि न ताणणारे यांच्या दुखापतींत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. अंग गरम करा, पाय झुलवा, हळू सुरुवात करा. ट्रेकला पहिली पंधरा मिनिटं मुद्दाम हळू चालणं हेच वॉर्मअप.

बर्फाबद्दल पण सांगते. आराम, बर्फ, पट्टी, पाय वर, हे सूत्र १९७८ साली डॉ. गेब मिर्किन यांनी मांडलं आणि पुढं त्यांनीच सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम यामुळं भरून यायला उलट वेळ लागू शकतो. दुखणं फार असेल तर पहिल्या दिवशी दहा मिनिटं बर्फ ठीक आहे, पण आठवडाभर बर्फ आणि पलंग नको. घोटा मुरगळल्यावर चार पावलं पण टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकावर दाबून दुखत असेल, तर एक्सरे काढायचाच. डोंगरात असाल तर बूट काढायची घाई करू नका, सुजेमुळं परत चढत नाही. बोटं बधिर किंवा गार पडली तरच सैल करा किंवा काढा.

सह्याद्रीभटक्या
बुटाचं राहिलं. नवीन बूट ट्रेकला घालू नको, निदान ५०-६० किलोमीटर आधी चाललेले असू देत. संध्याकाळी घ्यायला जा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आणि ट्रेकचेच मोजे घालून. पुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे, नाहीतर उताराला बोटं पुढं आपटून नखं काळी होतात. उतार यायच्या आधी लेस परत आवळायची, घोट्याजवळ घट्ट.

पाय ओलेच राहणार आहेत, ते मान्य कर. सकाळी तळव्याला व्हॅसलीन, एक मोज्याची जोडी प्लॅस्टिकच्या पिशवीत फक्त मुक्कामासाठी कोरडी. करपेवाडीत पोचल्या पोचल्या बूट काढून पाय पुसून कोरडे कर आणि तासभर उघडे ठेव. फोड आला तर वरची कातडी काढायची नाही. पाणी तहान लागायची वाट न बघता घोट घोट, पण उगाच लिटरच्या लिटर ढोसायचं पण नाही, ओआरएस ठेव सोबत. खायला भाकरी, शेंगदाण्याचे लाडू, गूळ.

रंकाळाकर_३९
आठ आठवड्यांपूर्वी इथं विचारलं होतं, आता पाच दिवस राहिलेत म्हणून हिशोब देतो. पायरीचा व्यायाम २६ वेळा झाला, वहीत लिहून ठेवलंय. पुस्तकांवरनं पायरीवर यायला तीन आठवडे लागले. जोतिबा सहा वेळा, त्यातले पहिले दोन वडापनं खाली. तिसऱ्या वेळी खाली येताना दोनवर दुखलं, दुसऱ्या दिवशी काही नाही. पन्हाळा दोनदा केला, चार किलो पाठीवर, दीडपर्यंत. एकदा मध्येच ऑफिसातनं तिसऱ्या मजल्यावरनं पळत उतरलो आणि चारवर गेलं, तो आठवडा कमी केला, बंद नाही केलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणं. वजन ७८. बूट जुनेच. काठी मेहनत दादांनी त्यांच्या शेतातनं दिली, प्रत्यक्ष भेट झाली.

फिजिओ_ताराबाई_पार्क
वा, वही ठेवलीत हे फार चांगलं केलंत. हा आठवडा नुसतं चाला आणि झोपा. झोप सात आठ तास, ती पण तयारीच आहे. शनिवारी पठारावरनं उतरायला लागाल तेव्हा छोटी पावलं टाका, गुडघा ताठ ठेवून टाच आपटू नका. ग्रुप पुढं गेला तर जाऊ दे.

रंकाळाकर_३९
आलो रात्री. मसाई पठाराचा उतार लागला तेव्हा पोटात गोळा आला होता. सगळ्यांना पुढं जाऊ दिलं. काठी, पाऊल, काठी, पाऊल, तोंडानं मोजत उतरलो, चाळीस मिनिटांचा उतार मला सव्वा तास लागला. खाली वाडीत पोचलो तेव्हा लोक चहा पिऊन उठत होते. गुडघा शून्य. दुसऱ्या दिवशी पाटेवाडीच्या पुढं दोन, अडीच, तिथंच टिकलं, वाढलं नाही. घोटा एकदा जांभ्यावर सटकला पण सावरला, लेफ्टबॅक भावा ते तुझ्या बेसिनपुढच्या मिनिटांचं.

पावनखिंडीत सगळ्या पायऱ्या पायानं उतरलो. पाणी जोरात वाहत होतं. १६६० साली याच पावसात, १२-१३ जुलैला, ती माणसं रात्रभर पळत इथवर आली आणि मग लढली, ते तिथं उभं राहून काय वाटतं ते मला लिहिता येणार नाही. माती ओली होती, काडेपेटीच्या डबीत भरून आणली. पोरगी शाळेतनं आली की देतो.

आज मांड्या दुखतायत, दोन्ही सारख्या, जिना उतरताना कठडा धरतोय. हे नेहमीचं ना?

फिजिओ_ताराबाई_पार्क
दोन्ही मांड्या सारख्या दुखणं नेहमीचं, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, मग उतरेल. हलकं चाला. लघवी काळपट, चहाच्या रंगाची झाली तर मात्र लगेच दवाखाना. अभिनंदन दादा. पायरीचा व्यायाम आठवड्यातनं दोनदा चालू ठेवा.

पहाटपळी
खूप आनंद झाला वाचून. दादा, मला पण पुढच्या वर्षी यायचंय. पायरीवर माझा डावा गुडघा आत पडतो, आजच बघितलं.

मेहनत_आणि_माती
रविवारी पहाटे साडेपाचला केर्लीच्या फाट्यावर या ताई, आम्ही दोघं आहे. वडापचे पैसे घेऊन या, पहिल्या दोन वेळा निम्म्यातनंच परत.